पिवळ्या पट्ट्याची नवरी

आमच्या दिग्रसकडे बोट म्हटलं की अरुणावतीच्या धरणात मासे धरायला जाणारी डोंगी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे हजारो माणसं जिथे जेवतात, झोपतात आणि नाचतात अशा बोटीवर आपण चाललो आहोत, असं माझ्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. सुधाकरला लहानपणापासून फुगवून सांगायची सवय आहे. या वेळी मात्र त्यानं काहीच फुगवलं नव्हतं, उलट एक गोष्ट सांगायची शिल्लक ठेवली होती.

जाऊन आल्यापासून आमच्या उपकेंद्रात जो येतो तो विचारतो, सिस्टर, बोट हलते का? उलट्या होतात का? संडासाची सोय काय? त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. बोट हलते, पण आपल्या दारव्हा रोडवरच्या एसटीइतकी नाही. उलट्या कल्पनाला झाल्या, मला नाही. संडास आमच्या उपकेंद्राच्या बाळंतिणीच्या खोलीपेक्षा स्वच्छ आहे. समुद्र फार सुंदर आहे. बाकीचं मी कडवटपणानंच लिहिणार आहे. ज्याला गोड हवं असेल त्यानं सुधाकरचा मोबाईल मागून घ्यावा, फोटो त्यात आहेत.

मी पांढरकवड्याकडच्या एका गावात नर्स आहे. लसी देते, बाळंतपणं करते, आणि कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर फिरून आयांना सांगते की बाई, पोरगी अठराची होईस्तोवर तिचं काही ठरवू नका. मराठीत सांगते, मोडक्यातोडक्या कोलामीत सांगते, गोरबोलीत सांगते. आया ऐकून घेतात, कोरा चहा पाजतात. काही ऐकतात, काही माझी पाठ वळली की जे करायचं ते करतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण हे ठाऊक नसेल तर पुढचं वाचून मजा येणार नाही.

मुंबईचा धक्का

सुधाकर माझा धाकटा भाऊ, दिग्रसला पतसंस्थेत शाखाधिकारी. त्याची बायको कल्पना. त्यांची एकुलती एक पोरगी समीक्षा, बारावी सायन्सला, वय सतरा. समीक्षाचं वेड वेगळंच आहे. घरात काचेच्या बरणीत तिनं बोंडअळ्या पाळल्या होत्या. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं घालून त्या किती खातात, कधी कात टाकतात ते पाहत बसायची. कल्पनानं एकदा किंचाळून ती बरणी उकिरड्यावर फेकली, तेव्हा पोरगी दोन वेळा जेवली नव्हती. तिला अकोल्याला कृषी कॉलेजात जायचं आहे. कोण काय विचारेल त्यावर तिचं उत्तर अकोला.

बोटीचं आमंत्रण मंगलाताईंचं होतं. मंगलाताई मूळच्या आमच्याच दिग्रसच्या. लग्न होऊन पुण्याला गेल्या, नवरा गेल्यावर त्याचा घरं बांधायचा धंदा स्वतः चालवतात. दहा माणसं जेवत असली तरी त्यांच्या बोलण्यात सगळ्यांना एकाच वेळी गप्प करायची ताकद आहे. त्यांचा मुलगा अक्षय अठ्ठावीसचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. "जुनी ओळख आहे, सोबत फिरून येऊ," एवढंच सुधाकरनं मला सांगितलं होतं. मी रजा टाकली. समुद्र पाहिला नव्हता, म्हटलं मरायच्या आधी पाहून घ्यावा.

धक्क्यावरची इमारत म्हणजे मोठ्या दवाखान्याची ओपीडी. रांगा, खुर्च्या, आणि सामान गिळून पलीकडे ओकणारं यंत्र. मंगलाताई आणि अक्षय पुण्याहून येऊन तिथेच भेटले होते, त्यांची एक बॅग त्या यंत्रात अडकली. शिपायानं ती उघडायला लावली. आतून निघालं ते असं: हिरवी साडी, खण, हळदीकुंकवाचा करंडा, नारळ, पेढ्याचा डबा, निरांजन, कापूर आणि काडेपेटी.

"ये सब क्या है?" शिपाई म्हणाला.

मीही तेच विचारणार होते.

आग लावायचं काही बोटीवर चालत नाही आणि बाहेरचं खाणंही चालत नाही, म्हणून काडेपेटी, कापूर, नारळ आणि पेढे तिथेच राहिले. मंगलाताईंनी त्याच्याशी वाद घालून पाहिला. तो म्हणाला, मॅडम, अंदर सब मिलता है. त्यांचा वाद चालला होता तेवढ्यात मी समीक्षाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. नंतर कळलं की गाडीत, बडनेरा सुटल्यावर, आईनं तिला वरच्या बर्थवर गाठून सांगितलं होतं. वरच्या बर्थवरून पोरगी जाणार कुठे?

मी सुधाकरला खुर्च्यांच्या मागे ओढलं.

"सुध्या, साक्षगंध करून राह्यला काय तू पोरीचं? बोटीवर?"

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. आधी मुलीच्या घरातली मोठी बाई तिला कुंकू लावते, मग नवऱ्या मुलाकडच्या बायका कुंकू लावतात, साडी देतात, ओटी भरतात, अंगठी घालतात. लग्न नव्हे. पण दिग्रससारख्या गावात एकदा साक्षगंध झालं आणि पुढे मोडलं, तर ते मुलाच्या नव्हे, मुलीच्या नावानं मोडतं.

"ताई, आवाज हळू कर," सुधाकर म्हणाला. "साक्षगंधाले वय नसते. मी वकिलाले इचारून घेतलं. लगन एप्रिलनंतर, अठरा झाल्यावरच करू. कायद्याच्या बाहेर मी जात नाई."

"अन् अकोला?"

"ते पुन्यातून शिकन ना. त्याईनं सांगतलं, पाहू म्हनून."

"मंग मले कायले आनलं?"

"घरातलं मोठं मानूस नोको काय? तूच तर हायेस मोठी."

हे ऐकून मी विरघळले असं कोणाला वाटेल. विरघळले नाही, संतापले. पण संतापून केलं काय, तर पर्स काखेला मारून रांगेत उभी राहिले. मंगलाताई मागे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातानंच पहिलं कुंकू लागायला हवं बरं का." मीही हसले. आमच्या घराण्यात तोंडावर हसायचं आणि घरी येऊन बोलायचं, अशी रीत आहे.

बोटीवर पहिला दिवस

चढताना प्रत्येकाच्या मनगटाला कागदासारखा पट्टा बांधतात. मोठ्यांना निळा, अठराच्या आतल्यांना पिवळा. आमच्या सहा जणांत पिवळा पट्टा एकटीच्याच हातात. मंगलाताईंना तो रंग आवडला नाही. "फोटोत दिसेल हो तो," त्या बांधणाऱ्या मुलीला म्हणाल्या. मुलगी म्हणाली, उतरेपर्यंत निघत नाही, अंघोळीतही नाही.

खाण्याचं सांगते. जेवायला एवढं मांडलेलं असतं की माणूस ताटच विसरतो. इडली, पास्ता, जैन जेवण वेगळं, गोड किती तरी तऱ्हेचं. पण वरण म्हणून जे होतं ते बघून मला आमच्या अंगणवाडीतल्या सेविकेची आठवण झाली, ती बिचारी पाणी यापेक्षा कमी घालते. मी घरून ठेच्याची छोटी बाटली पदरात लपवून आणली होती. यंत्राला ती दिसली नाही. कल्पनाला उलट्या सुरू झाल्यावर तिला भात आणि ठेचा दिला, तेव्हा ती जरा माणसात आली. गोळाभाताची आठवण काढून आम्ही दोघी हळहळलो. तेवढी एक वेळ ती मला आवडली.

संध्याकाळी बोट सुटली आणि मुंबई मागे सरकत गेली. समुद्राबद्दल मी काय लिहिणार? पऱ्हाटी फुटल्यावर आमच्याकडे नजर जाईल तिथवर पांढरं दिसतं, तसं इथे नजर जाईल तिथवर निळं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि खरंच रडले. आनंदानं रडले की कशानं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

समीक्षाला मात्र बोटीवर जागाच सापडेना. लहान पोरांसाठी रंगीबेरंगी खोली होती, ती बारा वर्षांपर्यंत. त्याच्या वरच्यांसाठी वेगळी खोली, तेरा ते सतरा. मी तिला तिथे सोडायला गेले. आत तेरा-चौदाचे पोट्टे पडद्यावर गाड्या आपटत होते. त्यातल्या एकानं समीक्षाला विचारलं, "दीदी, आप यहाँ काम करती हो?" ती परत फिरली.

मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. तिथे त्यांचं नाचघर होतं. काळा दरवाजा, आतून धपधप वाजणारं गाणं, आणि दारावर एक गोरीपान, बारीक डोळ्यांची, विशीची मुलगी. छातीवर मेरी नावाची पाटी. मणिपूरची असल्याचं तिनंच पुढे सांगितलं. समीक्षा कॉलेजच्या गॅदरिंगला नाचते, चांगली नाचते. तिनं मान उंचावून आत पाहिलं. मेरीनं तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी दीदी, अठारह से नीचे नहीं. अगले साल आना."

"मी तर आता चार महिन्यात होईन," समीक्षा मला म्हणाली.

"मग चार महिन्यांनी ये," मी म्हटलं. आणि लगेच जीभ चावली, कारण चार महिन्यांनी ती कुठे असणार ते आता मला ठाऊक होतं.

"आत्या, आत दारू असते म्हनून की काय?"

"असन. अन् काही लोकं अंगचटीले येत असतीन. पोरी लहान असल्या का मोठ्ठे मानसं त्यायले फसवते, म्हनून."

"बाहेर नाई फसवत?" ती म्हणाली.

मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. बोटीवर ते फुकट असतं.

गोवा

दुसऱ्या दिवशी गोव्याला उतरवलं. चर्च पाहिलं, मसाल्याचा बगीचा पाहिला. तिथला माणूस मिरीच्या वेलाची माहिती सांगत होता आणि समीक्षानं त्याला त्या वेलाला कोणती कीड लागते ते विचारलं. तो गडबडला. आजूबाजूचे हसले, पण ती हट्टानं विचारत राहिली. शेवटी त्यानं आतून कोणाला तरी बोलावलं, आणि मग ती आणि तो म्हातारा माळी पानं उलटीपालटी करत उन्हात उभे राहिले. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

मंगलाताईंनी अक्षयला तिच्या दिशेनं ढकललं. पोरगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते. हळू बोलतो, दार उघडून धरतो, माझी पिशवी न मागता उचलली. त्यानं समीक्षाला वेताची टोपी घेऊन दिली आणि विचारलं, "तुला काय काय आवडतं?" तिनं गुलाबी बोंडअळीचं सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता. मग त्याचा फोन वाजला, तो बाजूला गेला, आणि परत आला तेव्हा अळी मागे राहून गेली होती. त्यानं पुन्हा विचारलं नाही, तिनंही पुन्हा सांगितलं नाही.

जेवताना मी हिंमत करून विषय काढला. "मंगलाताई, पोरीला अकोल्याला शिकायचं आहे."

"शिकेल की. पुण्यात काय कमी कॉलेजं आहेत? आमच्याकडे आल्यावर बघू."

हे "बघू" मी चांगलं ओळखते. आमच्या पोडावरही असंच म्हणतात, फक्त तिकडे आधी कोरा चहा देतात. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुधाकरनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी तोंडात माशाचा तुकडा टाकला. मासा मात्र उत्तम होता, कोकम घातलेला.

नाचघराच्या दारात

तिसऱ्या दिवशी दिवसभर बोट समुद्रातच होती. सकाळी मंगलाताईंनी सगळ्यांना जाहीर केलं की संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी साक्षगंध उरकायचं. जागा त्यांनी ठरवून टाकली होती. "फार छान हॉल मिळाला. दिवे काय, सोफे काय! रात्री तिथे पार्टी असते, पण संध्याकाळी रिकामा असतो. मी काउंटरवर सांगून ठेवलं, फॅमिली फंक्शन म्हणून."

हा हॉल कोणता, ते वर पोहोचल्यावर कळलं. काळा दरवाजा. आणि दारावर मेरी.

मी तुम्हाला ते दृश्य नीट दाखवते. पुढे मंगलाताई, जरीच्या साडीत. मागे अक्षय, कुर्त्यात. मग सुधाकर हातात ताट घेऊन. ताटात हळदकुंकू, अंगठी, आणि नारळ म्हणून बोटीच्या स्वयंपाकघरानं दिलेलं हिरवं शहाळं, त्याला वरून भोक पाडलेलं, आत नळी खुपसलेली. मग कल्पना, उलट्यांनी अजून पिवळीच. मग मी. आणि सगळ्यांच्या मध्ये समीक्षा, डोक्यात गजरा, हातात बांगड्या, आणि बांगड्यांच्या वर तो पट्टा.

मेरीनं मोठ्यांना हसून आत सोडलं. समीक्षा आली तेव्हा तिनं हात आडवा केला. "सॉरी. येलो बैंड नहीं जा सकता."

"अहो, तिचंच तर फंक्शन आहे!" मंगलाताई आतून परत आल्या.

"मैडम, फंक्शन प्राइवेट हो तब भी, अंदर बार है. अठारह से नीचे नहीं."

"मग बाटल्या झाका ना!"

मेरीनं मान हलवली. तिनं आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही, हातही खाली घेतला नाही. मंगलाताई पुण्यात इंजिनियर लोकांना रडवतात म्हणे. त्या पोरीपुढे त्यांचं काही चालेना.

"लेकिन बच्ची का फंक्शन है क्या?" मेरीनं विचारलं.

कोणी सांगावं? ज्या दारातून ती लहान आहे म्हणून जाऊ देत नाहीत, त्या दारात उभं राहून हे कसं सांगायचं की आत तिचं लग्न ठरवायचं आहे? शेवटी सुधाकरच म्हणाला, "बर्थडे. बर्थडे है."

मेरीनं हातातल्या यंत्रावर समीक्षाचं कार्ड टेकवलं. "बर्थडे तो अप्रैल में है, सर."

तोपर्यंत आवाज ऐकून त्यांचा एक साहेब आला, काळ्या कोटातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, फार अदबीनं माफी मागितली आणि एक मार्ग सुचवला. खालची तेरा ते सतरावाली खोली या वेळी रिकामी असते. तिथे करा, मी फुगे लावून देतो.

आमची वरात खाली गेली. खोलीत गाड्यांचे पडदे बंद होते, भिंतीवर माकडाचं चित्र होतं. फुगे लागले. समीक्षा आत गेली. तिचे आईवडील आत गेले. अक्षय निघाला तर दारावरच्या मुलानं त्याला अडवलं. "सर, यहाँ सिर्फ बच्चे और उनके पेरेंट्स. दूसरे बड़े लोग अलाउड नहीं. बच्चों की सेफ्टी के लिए."

मी हसले. मोठ्यानं हसले, मला आवरेना. त्याच्या खोलीत तिला बंदी आणि तिच्या खोलीत त्याला बंदी! जे आम्हा शहाण्यासुरत्यांना कळलं नव्हतं, ते त्या बोटीला चढतानाच कळलं होतं. अक्षय लाल झाला. आईला म्हणाला, "मम्मी, राहू दे. घरी करू, नंतर." मला वाटलं, सुटली पोरगी. एवढा एका वाक्याचा पुरुषार्थ त्यानं जरा जास्त वेळ टिकवला असता, तर मी त्याचे पाय धरले असते. पण मंगलाताईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो भिंतीवरच्या माकडाकडे पाहायला लागला.

काळ्या कोटातल्या साहेबाच्या मनात आता काही तरी आलं होतं. तो जाता जाता थांबला. त्यानं गजरा पाहिला, अंगठी पाहिली, अक्षयकडे पाहिलं. मग बायकांमध्ये सगळ्यात म्हातारी दिसणाऱ्या मला त्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माताजी, आप बताइए. ये किस चीज़ का प्रोग्राम है? लड़की ठीक है ना?"

सुधाकर बघत होता. कल्पना बघत होती. समीक्षा फुग्यांच्या खाली उभी होती आणि तीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला आशा म्हणतात.

अठराचं ते वाक्य मला तीन भाषांमध्ये पाठ आहे. मी ते चिखल तुडवत जाऊन, कुत्री अंगावर घेऊन, दारुड्या बापांच्या शिव्या खाऊन बोललेली आहे.

"बर्थडे है," मी म्हणाले. "हमारे में पहले मना लेते हैं."

साहेब हसला. "हैप्पी बर्थडे, बेटा," तो समीक्षाला म्हणाला आणि गेला.

उघड्या डेकवर

मग डेकवर झालं. तिथे कोणालाच बंदी नाही. सतराची पोरगी आणि अठ्ठावीसचा पुरुष उघड्यावर, पोहायच्या तलावाशेजारी, शेकडो लोकांसमोर उभे राहू शकतात. वारा इतका होता की कुंकू उडून माझ्याच साडीवर आलं. पहिलं कुंकू मीच लावलं. दोनदा लावावं लागलं. अंगठी सैल होती. ओटीत ते शहाळं घातलं, त्यातलं पाणी हिरव्या साडीवर सांडलं. ओल्या कपड्यातली अनोळखी माणसं भोवती गोळा झाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर केले. एका बाईनं विचारलं, शूटिंग आहे का? मंगलाताईंनी अक्षयला सांगून फोटो तिथल्या तिथे पाठवले. सूर्य बुडायच्या आत दिग्रसला कळलं, पुसदला कळलं, बाभुळगावच्या मावशीचा अभिनंदनाचा फोन आला. बोटीवर रेंज नसते असं म्हणतात. नको तेव्हा बरोबर असते.

केक आला. साहेबानं पाठवला होता, वाढदिवसाचा म्हणून. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

परत

मुंबईत उतरताना पट्टे कापून घेतात. समीक्षानं हात पुढे केला, मुलीनं कात्री चालवली. मनगटावर पांढरी रेघ राहिली होती. गाडीत ती खिडकीशी बसली. अकोला स्टेशन आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती, मला कळत होतं.

दिग्रसला एक दिवस राहून मी पांढरकवड्याची एसटी धरणार होते. सकाळी समीक्षा मला स्टँडवर सोडायला आली, गाडी आधीच लागलेली होती. मी तिला म्हटलं, "बेटा, मी बोलतो सुध्याशी. अजून काही बिघडलं नाही."

"आता नोको बोलू, आत्या. फोटो गेले ना सगळीकडे. आता मोडलं त मायंच नाव होईन."

"मंग मी मंगलाताईशी बोलतो."

कंडक्टरनं घंटी दिली. मी पायरीवर चढले, तेव्हा तिनं खालून, अगदी साध्या आवाजात, तक्रारीचा सूरही न लावता विचारलं, "आत्या, त्या मेरीनं हात आडवा केला न, ते मायी कोन होती व?"

"कोनीच नाई," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "कोनीच नाई."

गाडी सुटली. मी खिडकीतून हात केला, तिनंही केला. तिकीट काढताना कंडक्टरनं विचारलं, सोडायला आली ती मुलगी कोण तुमची? मी म्हटलं, भाची. मी तिची सख्खी आत्या आहे.